विस्तव राखणाऱ्यांकडे चार दिवस

ओळख झाली ती म्हशाच्या जत्रेत. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावी म्हसोबाची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी तिचं नाव आहे. जानेवारीत मी तिथे घोंगडी बघत उभी होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या ठाकर आदिवासी बाबांनी माझ्या हातातली घोंगडी घेतली, उजेडाकडे धरली आणि दुकानदाराकडे परत दिली. "हिच्यातनं उजेड दिसतो. पाणी गळंल," असं म्हणून त्यांनी दुसरी, जाड विणीची काढून दिली. पैसे देऊन होईपर्यंत आम्ही गप्पांना लागलो होतो. पावसाळ्यात जंगलात वस्ती करायची तर काय लागतं, हे मी विचारलं. ते म्हणाले, "सांगून काय कळंल? मिरगात ये."

आमचा अकरा जणांचा गट गेली नऊ वर्षं सह्याद्रीत फिरतोय. गोरखगड, सिद्धगड, आहुपे घाट, सगळं झालंय. पण तंबू, गॅसची शेगडी, तयार पाकिटं पाठीवर घेऊन. जंगलात जगायला शिकवणाऱ्या शिबिरांच्या जाहिराती आम्हीही बघतो. तिथे शिकवलं जातं ते बहुतेक दुसऱ्या देशांतल्या जंगलांचं ज्ञान असतं. आपल्या पावसाचं, आपल्या कारवीचं, आपल्या ओढ्यांचं ज्ञान ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, ती माणसं कल्याणपासून दोन-तीन तासांवर राहतात. बाबांच्या नातवाच्या फोनवरून पाच महिने बोलणी चालली. वाडीने बसून माणशी पैसे ठरवले, दिवस ठरवले, आणि आम्ही निघालो.

शुक्रवार, १३ जून

कल्याण ते मुरबाड एसटी, पुढे नारिवलीपर्यंत जीप. तिथून वाडीपर्यंत तासाभराची चाल. मृग चालू होता, वटपौर्णिमा नुकतीच झाली होती. सिद्धगडाचा माथा ढगात होता, खाली शेतांत भाताचं रोप हिरवं दिसायला लागलं होतं. वाटेत पावशा ओरडत होता. मराठी कानाला त्याची हाक "पेरते व्हा, पेरते व्हा" अशी ऐकू येते आणि या शेतांतून चालताना ती खरोखर कुणीतरी दिलेली सूचना वाटते.

बाबांचं घर कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेण-मातीचा गिलावा. आत शिरलं की आधी अंधार, मग हळूहळू चूल दिसते, चुलीच्या वर टांगलेला माळा दिसतो. माळ्यावर धुराने काळी झालेली लाकडं, बियाण्याच्या गाठी, मक्याची कणसं, आणि एका कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचं, पळसाच्या पानांनी भरलेलं जुनं इरलं. हल्ली बाबाही प्लास्टिकचा कागद पांघरतात, हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितलं. "इरलं वजनाला जास्त. पण लावणीला वाकलास, की पाठीवर घर हाय."

आल्या आल्या आम्हाला आग पेटवायला शिकायचं होतं. बाबांनी लायटर आणि काड्यापेट्या एका टोपलीत गोळा केल्या आणि म्हणाले, "आधी जळण आणा." आम्ही अकरा जण पाऊण तासात मोठा ढीग घेऊन आलो. त्यांनी एकेक काटकी उचलली, कानाजवळ नेऊन मोडली आणि जवळजवळ सगळी बाजूला टाकली. जमिनीवर पडलेलं लाकूड पावसाळ्यात स्पंजासारखं असतं. झाडावरच वाळून उभी राहिलेली फांदी घ्यायची, करवंदीच्या जाळीच्या पोटातल्या मेलेल्या काटक्या घ्यायच्या. वरच्या पानांमुळे त्यांना पाऊस कमी लागतो. मोडताना "टक्" असा कोरडा आवाज आला पाहिजे. नुसती वाकली किंवा "फस" झाली तर ती विसरायची. अंगठ्याएवढं लाकूड वरून ओलं असलं तरी साल काढून उभं चिरलं की आतून कोरडं निघतं. वाळका बांबू चिरून त्याच्या आतल्या बाजूचा भुसा कोयत्याने खरवडायचा, तो भर पावसातही पेट घेतो.

मग चकमक. गारगोटीचा तुकडा, पोलादाची वाकवलेली पट्टी आणि बांबूच्या नळीत सावरीचा कापूस. हा कापूस आधी थोडा जळवून काळा केलेला असतो, कारण कोऱ्या कापसावर ठिणगी टिकत नाही, करपलेल्यावर टिकते. बाबांनी कापसाची चिमूट गारगोटीच्या धारेवर अंगठ्याने दाबून धरली, पट्टी वरून खाली ओढली. तिसऱ्या घावाला कापसात टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसला. तो त्यांनी वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवला आणि लांब, सावकाश फुंकर घातली.

आम्ही सगळ्यांनी प्रयत्न केले. आमच्यातल्या सर्वांत धाकटीला, जी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, चाळीस मिनिटांनी ठिणगी धरता आली. बाकी कुणालाच नाही. आमच्या ओळीत आणखी एक जण बसला होता: बाबांचा एकोणीस वर्षांचा नातू. तो मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला आहे, आमच्यासाठी चार दिवसांची सुट्टी काढून आला होता. आम्हाला वाटलं तो शिकवायला बसलाय. बोटं सोलवटून त्याने पट्टी खाली ठेवली तेव्हा कळलं की चकमक त्याने आज पहिल्यांदा हातात घेतली होती. बाबा त्याच्याकडे बघत होते, काही बोलले नाहीत.

संध्याकाळी शेजारची एक बाई गोवरीचा तुकडा घेऊन आली. तिची चूल विझली होती. बाबांच्या घरच्या आजींनी चिमट्याने एक निखारा तिच्या गोवरीवर ठेवला आणि दोघी दोन मिनिटं भाताच्या रोपाबद्दल बोलल्या. घरात काड्यापेटी नव्हती असं नाही; पण भर पावसात सर्द काड्या ओढत बसण्यापेक्षा विस्तव मागून आणणं सोपं. रात्री निजण्याआधी आजींनी जाड लाकडाचे निखारे एकत्र केले, वर राख ओढली आणि हाताने थापली. पहाटे राख सारली तर आत लाल.

तेव्हा मला पहिल्या दिवसाचा धडा कळला. बाबांनी तो चुलीजवळ बसून एका वाक्यात सांगितला होता, पण माझ्या लक्षात यायला रात्र व्हावी लागली: "ही लाकडं चैतातली हायेत. पाऊस पडल्यावं जळण शोधील तो उपाशी निजंल." पावसातली आग चैत्रातच तयार होत असते. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, फांद्या तोडतात तेव्हाच वर्षाचं जळण बाजूला निघतं, माळ्यावर चढतं, चुलीच्या धुराने वाळत राहतं. आणि एकदा लागलेला विस्तव विझू द्यायचा नसतो. आमच्या डोक्यात होता तो एकटा माणूस, एक सुरी आणि एक ठिणगी. इथे होतं ते अख्खं वर्ष आणि अख्खी वाडी.

जायचं असेल त्यांच्यासाठी: सिद्धगडाचं जंगल भीमाशंकर अभयारण्यात येतं, ते १९८५ साली जाहीर झालं. तिथे आपल्यासारख्यांनी फांदीही तोडायची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचे हक्क आहेत ते तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना. त्यांचा पाहुणा म्हणून ते आपल्याला मिळत नाहीत. आम्ही जे काही तोडलं, खणलं, बांधलं ते सगळं वाडीच्या मालकी जमिनीवर. शिकारीचा विषय आमच्यातल्या एकाने काढला. बाबांनी जुन्या फाशांच्या गोष्टी सांगितल्या, पण फास करून दाखवला नाही. आम्हीही आग्रह केला नाही.

शनिवार, १४ जून

सकाळ आजींची आणि वाडीतल्या चार बायकांची होती. शेवळं शोधायला निघालो. शेवळं म्हणजे पहिल्या पावसानंतर जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब. ठाण्या-रायगडाच्या बाजारात जूनमध्ये जुड्या दिसतात, पण ती जिथे उगवतात ती जागा मी पहिल्यांदा बघितली. सागाच्या कुजलेल्या पानांखाली, उतारावर. मी जिथून सरळ चालत गेले तिथेच माझ्यामागून येणाऱ्या बाईने सात शेवळं काढली. तिची नजर पुढे नव्हती, पावलांच्या दोन हात भोवती फिरत होती. "लांब बघशील तर नाय गवसायचा," ती म्हणाली. "पायाखालचा बघ, मंग त्याच्या शेजारचा बघ."

एका ठिकाणी पाच-सहा कोंब एकत्र होते. त्यांतले दोन ठेवायचे. का, ते कुणी समजावून सांगितलं नाही; माझ्या भावाने सगळे काढले तर आजींनी त्याच्या हाताला धरून थांबवलं, इतकंच. पुढे चाईचा वेल दिसला. याचा कंद खातात हे आम्ही वाचलेलं होतं, आणि पहार घेऊन आलेल्या पुण्याच्या डॉक्टर मित्राला तो उकरायचा होता. आजी म्हणाल्या, "आता नाय. आता त्याचा जीव वेलात गेला. दिवाळी होऊं दे, पानं गळूं दे, मंग जीव खाली येतो." तेव्हासुद्धा कंद काढला की वेलाकडची मुंडी कापून पुन्हा त्याच खड्ड्यात पुरायची आणि माती दाबायची, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच कंद. खड्डा उघडा सोडणाऱ्याला वाडीत बोलणी बसतात.

परत येताना काकडाच्या झाडाची हिरवी, आंबट फळं घेतली. शेवळं आणि काकडं बाजारातही एकत्रच विकतात, कारण शेवळांच्या भाजीत काकडं पडतात. शेवळं खाजरी असतात. त्यांची वरची पात सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बारीक चिरून तेलात चांगली परतायची आणि काकडाचा रस घालून शिजवायची. आंबटाने खाज मरते. आजींनी फोडणीला मोहटीचं तेल घेतलं. मोहाच्या बियांचं हे तेल थंडीत तुपासारखं थिजतं. त्यात सुकट पडली, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर जे काही झालं ते मी गेल्या कित्येक वर्षांत खाल्लेल्या कुठल्याही मटणापेक्षा मला आवडलं. खाताना घशाला किंचित चुणचुण झाली तर कोकम चघळायचं.

रानभाजी ओळखण्याबद्दल एक कळकळीचं सांगणं: फोटो बघून, अ‍ॅप वापरून, "गुरं खातात म्हणजे आपल्यालाही चालेल" असं म्हणून काही तोंडात घालू नका. कुरडू आणि टाकळा मीही ओळखते, पण कोवळ्या अवस्थेत दोन वेगळ्या झाडांची पानं सारखी दिसताना मी पाहिली. आजी पान बघून थांबत नव्हत्या. चुरगळून वास घेत होत्या, देठ मोडून चीक येतो का बघत होत्या, मूळ कसं आहे ते पाहत होत्या. भाजी घ्यायला कापडी पिशवी न्या, प्लास्टिकमध्ये ती तासाभरात गळून जाते.

दुपारी धो धो पाऊस. ओटीवर बसून दोर वळायला शिकलो. केवणीच्या, म्हणजे मुरुडशेंगेच्या, फांद्यांची साल या दिवसांत सहज सुटते. ती पाण्यात कुजवावी लागते. बाबांनी आमच्यासाठी दहा दिवस आधीच एक मोळी डबक्यात दगडाखाली दाबून ठेवली होती. ती काढली तेव्हा असा वास सुटला की दोघे जण उठून गेले. धुतल्यावर मात्र आतून पांढुरका, रेशमासारखा वाख हाताला आला. दोन पदर घ्यायचे. प्रत्येक पदराला मांडीवर तळहाताने पुढे लोटून पीळ द्यायचा आणि मग दोन्ही पदर एकमेकांवर उलट दिशेने येऊ द्यायचे. पीळ उलगडायला बघतो आणि उलगडता उलगडता दुसऱ्याला घट्ट धरतो. म्हणून दोर सुटत नाही. पदर संपत आला की नवा वाख मध्येच घालायचा, पण दोन्ही पदरांत एकाच जागी नाही, नाहीतर दोर तिथेच तुटतो. तीन तासांत माझा दोन वाव दोर झाला (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी). नातवाचा पाच वाव झाला. हे काम त्याच्या हातांना आधीपासून येत होतं. लहानपणी आजीजवळ बसून शिकला होता. आम्हाला शिकवायला तो एकेकाजवळ जाऊन बसला आणि आदल्या दिवशीचा त्याचा अवघडलेपणा निघून गेला.

रात्री पाऊस थांबला. बॅटऱ्या घेऊन शेतांच्या बांधांवर मुठे धरायला गेलो. मुठे म्हणजे शेतातले, ओढ्यातले खेकडे. धरायचे मागून, पाठीच्या दोन्ही कडांना अंगठा आणि तर्जनी लावून. आमचा शिक्षक दहा वर्षांचा मुलगा होता. त्याने प्रत्येक मुठा उलटा करून पोट दाखवलं: पोटाखालची झापड अरुंद, टोकदार असली तर नर, रुंद, गोल असली तर मादी. रुंद झापडीच्या माद्या तो बघायचा आणि झापडीखाली अंडी किंवा पिल्लं असली की पाण्यात सोडायचा. एका मादीच्या पोटाखाली बाजरीच्या दाण्याएवढी शेकडो पिल्लं हलत होती. आम्ही सगळे बॅटरीच्या उजेडात बराच वेळ वाकून बघत राहिलो. बांधाच्या पलीकडे झुडपांत काजवे होते. त्यांचा खरा हंगाम मे अखेरीचा, हे उरलेसुरले.

बांधावर रात्री जाताना पायात बूट हवेच. मण्यार रात्रीची फिरते आणि तिचा दंश फारसा दुखत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. जमिनीवर झोपणार असाल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. साप चावलाच तर कापू नका, करकचून बांधू नका, हात किंवा पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे मिळतं. बाबांचंही मत हेच आहे. त्यांच्या वाडीत पूर्वी मांत्रिकाकडे नेत असत. त्यात माणसं गेलेली त्यांनी पाहिली आहेत. चिखलात उतरण्याआधी पायावरच्या जखमा झाका आणि लेप्टो या चिखल-पाण्यातून होणाऱ्या तापाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून या.

रविवार, १५ जून

आज बाहेर राहायचं. वाडीच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळच्या एका मोकळ्या माळावर, तीन खोपी बांधायच्या होत्या. बांबू वाडीच्याच बेटातला. बाबांनी कोयता कमरेच्या आकडीतून काढला आणि कुठला बांबू तोडायचा ते दाखवलं: बेटाच्या मधला, जुना, पांढरे डाग पडलेला, कडेचा कोवळा नाही. तोडायचा तो पेऱ्याच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे बुंध्याच्या वाटीत पाणी साचून बेट कुजत नाही.

सांगाडा उभा करायला वेळ लागत नाही. वेळ लागतो शाकारणीला. पळसाची आणि सागाची पानं कामट्यांनी टाचून लांब पट्ट्या करायच्या आणि खालून वर चढवत जायचं, म्हणजे वरच्या ओळीचं पाणी खालच्या ओळीच्या पाठीवर पडेल. कौलांसारखंच. आम्ही एका खोपीला उत्साहाने वरून सुरुवात केली होती. सगळं उतरवून पुन्हा करावं लागलं. उतार जितका उभा तितकी गळती कमी. भोवती वितभर खोल चर.

बाबांनी जागा बघताना आमच्या तिसऱ्या खोपीपाशी गवताकडे बोट दाखवलं. गवत एकाच दिशेला झोपलेलं होतं आणि मधे गुळगुळीत गोटे होते. "इथं पाणी चालतं," ते म्हणाले. आम्हाला तिथे पाणी दिसत नव्हतं. जागा सपाट होती, मऊ होती, आणि खोप निम्मी बांधून झाली होती. आमच्यातल्या चौघांनी ती तिथेच पुरी केली. त्यांना अडवायला हवं होतं, तेव्हा मी गप्प राहिले. याचं मला अजून वाईट वाटतं.

ओढ्याचं पाणी गढूळ होतं. आजींकडे मुरबाडच्या बाजारातून आणलेल्या निवळीच्या बिया होत्या. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला ओली बी उगाळायची, पाणी ओतायचं आणि तासभर हलवायचं नाही. गाळ खाली बसून पाणी स्वच्छ दिसायला लागतं. दिसायला, जंतू मरत नाहीत, म्हणून उकळणं चुकत नाही.

संध्याकाळी जेवताना सिद्धगडाकडे बघत भाई कोतवालांचा विषय निघाला. माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता १९४२ च्या आंदोलनात विजेचे मनोरे पाडत होता आणि या जंगलात लपून राहत होता. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी त्यांना इथेच गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. सिद्धगडाच्या पायथ्याशी स्मारक आहे, ते आम्ही पूर्वी पाहिलं होतं. पण जानेवारीतल्या थंडीत, पोलीस मागावर असताना, विस्तव कसा करत असतील, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. बाबांनी समोरची आग दाखवून सांगितलं: धूर करतं ते ओलं लाकूड आणि जाड लाकूड. कडक वाळलेल्या, बोटभर जाडीच्या काटक्या थोड्या थोड्या घातल्या तर धूर नावाला. आणि आग दाट झाडाखाली करायची, म्हणजे निघेल तो धूर पानांत फाटून जातो. ते हे कुणाची गोष्ट म्हणून सांगत नव्हते, लाकडाबद्दल सांगत होते. मी मात्र नंतर बराच वेळ त्या डोंगराकडे बघत बसले.

निजताना आमच्या धाकटीने एक काम मागून घेतलं. आजींनी तिला एक जुनं मडकं दिलं, त्यात तळाला राख, वर धुमसती गोवरी, दोन निखारे आणि पुन्हा राख. हे सकाळपर्यंत राखायचं. तिने मडकं खोपीच्या उंच कोपऱ्यात, दगडांवर ठेवलं.

रात्री साडेबाराच्या सुमारास पाऊस असा कोसळला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पहिल्या दोन खोपी एक-दोन ठिकाणी ठिबकत होत्या, बाकी कोरड्या. माझी म्हशाची घोंगडी वरून ओली होऊन जड झाली, आत ऊब तशीच. सव्वाच्या सुमारास बॅटरी दिसली. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन बाबा आणि नातू खाली येत होते. ते थेट तिसऱ्या खोपीकडे गेले. बाबा आतल्यांना हाक मारून उठवत होते तेव्हा पाणी पावलाएवढं होतं. सगळे बाहेर येईपर्यंत ते पोटरीपर्यंत आलं. त्या झोपलेल्या गवतावरून, गुळगुळीत गोट्यांवरून, आपल्या जुन्या वाटेने ओढ्याचा एक फाटा वाहायला लागला होता. माणसं सगळी सुखरूप. दोन स्लीपिंग बॅगा आणि एक बूट गेला. बाबा कुणालाही रागावले नाहीत. त्या चौघांना घेऊन ते आमच्या खोपीत आले, आत बसले आणि म्हणाले, "पाणी इसरत नाय." उरलेली रात्र आम्ही आठ जण पाच जणांच्या जागेत बसून काढली.

सोमवार, १६ जून

सकाळी पाऊस थांबला, पण जमिनीवर पेटण्यासारखं काही नव्हतं. धाकटीने मडकं आणलं. राख बाजूला केली. वरची गोवरी विझलेली, तिच्याखालची कोमट, आणि अगदी तळाशी सुपारीएवढा एक निखारा. कुणीच बोललं नाही. नातवाने खोपीच्या आढ्यातून रात्रभर कोरडा राहिलेला बांबूचा तुकडा ओढून काढला, चिरला, आतला भुसा खरवडला. माझ्या भावाने खोपीत आणून ठेवलेल्या करवंदीच्या काटक्या दिल्या. पुण्याच्या डॉक्टरांनी लाकूड चिरून आतला कोरडा गाभा काढला. निखारा भुशात ठेवून ती फुंकत राहिली. धूर झाला, वाढला, आणि ज्योत आली. त्या आगीवर केलेला गुळाचा कोरा चहा आधी बाबांना दिला.

मग त्यांनी खिशातून चकमक काढली आणि नातवापुढे धरली. आग समोर होती, गरज नव्हती. तो ओल्या दगडावर उकिडवा बसला. किती घाव घातले ते मी मोजले नाहीत. कापसात ठिपका दिसला तेव्हा त्याने वर बघितलं नाही, तसाच तो गवतात ठेवून फुंकला. बाबांनी चकमक परत घेतली नाही. "ठेव तुझ्यापाशी," म्हणाले आणि चहाचा पेला पुन्हा पुढे केला.

निघताना पैशांचा हिशेब वाडीच्या ओटीवर, सगळ्यांसमोर झाला. यात घासाघीस करू नका, ही माझी विनंती आहे. ज्या ज्ञानासाठी आपण शहरात शुल्क भरतो, त्याला इथे "आदरातिथ्य" म्हणून फुकट घेणं बरोबर नाही. शिकवणाऱ्या बायकांचे पैसे त्यांच्या हातात वेगळे द्या. आम्ही सुरुवातीला सगळे बाबांकडे देणार होतो, आजींच्या सुनेने मध्ये बोलून ते दुरुस्त केलं. मुलांसाठी चॉकलेटं नेऊ नका. आम्ही नेलेल्या वह्या आणि दोन चांगल्या बॅटऱ्या उपयोगी पडल्या.

नातू आमच्याबरोबरच नारिवलीपर्यंत चालत आला, त्याची दुपारची पाळी होती. वाटेत आम्ही पुढच्या तारखा ठरवल्या. दिवाळीनंतर पानं गळाली की कंदांसाठी. आणि चैत्रात तीन दिवस, जळण तोडायला आणि माळ्यावर चढवायला, कारण बाबांनी निरोप देताना सांगितलंय: पुढच्या मिरगात यायचं असेल तर आपापलं लाकूड आधी येऊन वाळत घालायचं. चैत्रासाठी आतापर्यंत सात जणांनी नावं दिली आहेत. माझा दोन वाव दोर स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांगलाय. वास अजून पुरता गेलेला नाही.